मामाला आणायला फिजीला गेलो त्याची हकीकत

परवा दुकानात एक ओळखीचे गृहस्थ आले आणि लुगडी बघता बघता विचारू लागले, फिजीला जायचं तर कसं जातात? चाटी गल्लीत दिवसभर खणालुगड्यांचे भाव विचारणारे येतात, फिजी विचारणारा हा पहिलाच. मी गादीवरून खाली उतरलो, चहा मागवला आणि बोलतच सुटलो. गिऱ्हाइकं खोळंबली, धाकट्या भावानं डोळे वटारले, पण मला काही थांबवेना. तेच आता इथं लिहितोय. ज्यांना जायचंय त्यांना उपयोग होईल, आणि ज्यांना नुसतं मनानं जाऊन यायचंय त्यांचीही सोय होईल.

मी गेलो तो अव्वानं पाठवलं म्हणून. अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. तिचा एकुलता एक भाऊ शिवलिंगप्पा, म्हणजे आमचा शिवामामा, ऐन तारुण्यात बापाशी भांडून अक्कलकोटकडच्या गावातून निघाला, मद्रासेला मजूरभरतीच्या दलालाच्या हाती लागला आणि करारावर थेट फिजीच्या उसात जाऊन पडला. कित्येक वर्षं पत्ता नाही. मग तिकडून परतलेला विजापूरकडचा एक माणूस दुकानात येऊन सांगून गेला, की तुमचा शिवलिंगप्पा तिथं मोठा पुढारी झालाय, गोरे साहेबसुद्धा त्याला बसायला खुर्ची देतात. दुसऱ्या कुणाची छाती फुगली असती. अव्वा म्हणाली, "पुढारीपण हितं येऊन कर म्हणावं. जा, घिऊन ये त्याला." रोज सकाळी सिद्धेश्वराला जाऊन आली की माझ्यासमोर येऊन उभी राहायची. शेवटी मी कलेक्टर कचेरीत पासपोर्टासाठी खेटे घालायला लागलो.

आता वाट. सोलापूरहून मद्रास मेल, तिथून धनुष्कोडी, मग कोलंबो, आणि कोलंबोहून सिडनीची मोठी बोट. सिडनीत काळ्या माणसाला गावात सहज उतरू देत नाहीत, कागद दाखवत बसावं लागतं, तेव्हा जीव शांत ठेवा. तिथून सुव्याची, म्हणजे फिजीच्या राजधानीची बोट. भाड्याचं विचाराल तर आमची दोन दिवाळ्यांची कमाई गेली, म्हणून जायचं तर कामासाठी जा, चैनीसाठी नको. शाकाहारी माणसानं बोटीच्या भटारखान्यावर विसंबू नये. मी डबा भरून कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि गूळ नेला होता. कडक भाकरी काही बिघडत नाही, फक्त दात शाबूत पाहिजेत. शेजारचा पंजाबी सुतार पहिल्यांदा हसला, पुढं समुद्र खवळला तेव्हा रोज माझ्याकडंच जेवायला बसू लागला.

सुव्याला पाऊस म्हणजे नळ उघडा ठेवून कुणीतरी गावाला गेलंय. पत्र आधी धाडलं होतं, धक्क्यावर न्यायला आलेल्या मामाला मी गळ्यातल्या लिंगावरून ओळखलं. अंगानं वाळलेले, केस पांढरे, कोट मात्र साहेबी. माझ्या पाठीवर हात ठेवून पहिलं काय विचारलं असेल? "अक्का लई थकली का रे?" मला रडूच आलं. सोलापूरची बोली त्या धक्क्यावर ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मामा राहायचे बेटाच्या पश्चिमेला. ती बाजू बघून मी थक्क झालो. कोरडी टेकाडं, ऊन, धूळ, थेट आपल्या बार्शी रोडला आल्यासारखं. तिथं साखर कंपनीची छोटी गाडी धावते, तिला तिकीटच नाही, हात करावा आणि चढावं. गाडीत जो तो मामाला रामराम करायचा. भोजपुरी, तेलुगू, तमिळ, सगळ्यांची मिळून एक खिचडी हिंदुस्थानी झाली आहे आणि मामा ती अशी झाडायचे की बस्स. मामी गोरखपूरकडची. तिनं वरणभात वाढला, आणि मामानं माझ्या डब्यातली शेवटची कडक भाकरी चुलीपाशी बसून एकट्यानं खाल्ली. कुणालाही तुकडा दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुढारीपण म्हणजे काय ते कळलं. तिथली जमीन मूळच्या फिजी लोकांची. आपले लोक ती भाडेपट्ट्यानं घेऊन ऊस लावतात. पट्टा संपला आणि वाढवून मिळाला नाही, तर घरादारासकट उठायचं. त्या खोऱ्यातल्या बऱ्याच पट्ट्यांची मुदत भरत आली होती आणि पहाटेपासून मामाच्या ओसरीवर माणसं बसलेली असायची. जमीन ज्यांच्या शब्दावर मिळायची ते तिथले सरदार. त्यांना रातू म्हणतात. त्या खोऱ्याचे रातू सुव्याच्या कौन्सिलात आपल्या लोकांच्या वतीनं बसायचे. हिंदी लोक म्हणायचे, मतदारांची यादी सगळ्यांची एकच करा. रातू म्हणायचे, मुळीच नको, उद्या आमच्याच घरात आम्ही पाहुणे होऊ. यावरून मामाचं आणि त्यांचं भर सभेत कडाक्याचं वाजायचं. मी मनात म्हटलं, मामाला न्यायला निघालोय हे ऐकून हे गृहस्थ नारळ फोडतील.

मग रातूंकडून बोलावणं आलं. त्यांचं घर उंच छपराचं, गवतानं शाकारलेलं, आत चटयाच चटया. रातू चांगले धिप्पाड, वर पांढरा सदरा, खाली लुंगीसारखं वस्त्र, पाय अनवाणी. आमच्यामागून मामाच्या ओसरीवरची माणसंही येऊन दाराशी बसली. नारळाच्या करवंटीतून एक गढूळ पेय आलं. मी मामाकडं बघितलं, तर म्हणाले, दारू न्हाय, मुळी हाय, पी. तिथल्या रीतीनं टाळी वाजवून प्यायलो. जीभ बधिर झाली, चव म्हणाल तर पावसाळ्यातल्या ओढ्याची.

रातूंनी मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, हा कोण? मामा म्हणाले, बहिणीचा मुलगा. त्यासरशी रातू सावरून बसले आणि घरातले सगळे माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. मामानं हळूच सांगितलं, यांच्यात बहिणीच्या मुलाला वासू म्हणतात. वासू मामाच्या घरी आला की जे मागेल ते द्यायचं. होडी माग, डुक्कर माग, नाही म्हणायची सोय नाही. आपल्याकडं भाच्याचे लाड असतात, पण हे तर भलतंच. रातू हसत मामाला म्हणाले, इतकी वर्षं आमच्यात राहिलास, आमच्या रीतीनं वागलास, आता तुझा वासू आलाय, विचार त्याला काय हवं.

मी काही चतुर माणूस नाही. जे घोळवत समुद्र ओलांडला तेच तोंडातून निघालं.

"मला मामाच पायजेत. अव्वा वाट बघतीया."

मामानं ते रातूंना सांगितलं आणि खाली मान घालून म्हणाले, "येतो. मागितलंस न्हवं." दाराशी बसलेल्यांत चुळबूळ झाली. एक म्हातारा उठून आपला पंचा तोंडाला लावून बाहेर गेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र त्या म्हाताऱ्याच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिलो.

रातू आत गेले. परत आले ते दोन्ही हातांत एक पिवळसर, वाकडा दात धरून, दोन्ही टोकांना वळलेली दोरी. देवमाशाचा दात. त्यांच्याकडं याहून मोठी वस्तू नाही. हा पुढं करून काही मागितलं आणि समोरच्यानं दात ठेवून घेतला, तर मागणी मान्य झाली. मान्य नसेल तर दात परत करायचा. एवढा थोरला माणूस माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. म्हणाले, हा तुझ्यासाठी नाही, तुला अधिकार नाही. याच्या बहिणीकडं ने. तिचा भाऊ मी तिच्याकडं मागतोय. तिनं ठेवून घेतला तर तो इथं राहील. परत पाठवला तर मी स्वतः त्याला बोटीत बसवून देईन, आणि तिचा निरोप येईपर्यंत, मी सुव्यात असलो तरी, एकाही पट्ट्याला हात लागणार नाही.

मला राहवेना. विचारलं, तुमच्याविरुद्ध बोलणारा माणूस ठेवून घेऊन तुम्ही काय करणार?

"तो तोंडावर बोलतो," रातू म्हणाले. "बाकीचे माझ्यापुढं होय म्हणतात आणि घरी जाऊन शिव्या देतात. हा गेला तर तुमच्या लोकांशी मी बोलू कुणामार्फत?"

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सगळी वाट डोक्यात एकच, लिंगायताच्या घरात हाड न्यायचं कसं? दात धोतरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घातला होता. सोलापूरला उतरलो, टांगा केला, घरी आलो. अव्वा दारात. माझ्यामागं टांग्यात कुणी नाही हे तिनं बघितलं आणि बाजूला सरली.

चहा झाल्यावर मी ओसरीवरच, ट्रंकेपाशी बसून सगळं सांगितलं. अव्वा बोलायच्या आधीच भावानं बजावलं, ते हाड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, दुकानाच्या गुदामात ठेव, पुढच्या डाकेनं परत धाड, म्हणजे मामा येतोय. माझंही मन तिकडंच ओढत होतं. अव्वानं फक्त विचारलं, "बोट सुटताना शिवा काय करत हुता?"

"धक्क्यावर उभे होते. लोकांशी बोलत होते."

"माझ्याबद्दल?"

"न्हाय अव्वा. पट्ट्यांबद्दल."

 अव्वा उठली, उंबऱ्याबाहेर आली, पदर पसरला आणि म्हणाली, "घाल. भावाच्या घरनं आलंय. परत कसं धाडू?" भाऊ काही बोलायला गेला, तिनं बघितलंसुद्धा नाही. दात पदरात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथं ओक्साबोक्शी रडली. मी दाराशी उभा राहिलो, आत जायचं धाडस झालं नाही.

मामा काही आले नाहीत. पट्टे वाढवून मिळाले. यादीवरून दोघांचं भांडण अजून चालूच आहे असं तिकडून येणारे सांगतात, आणि ऐकून मला बरं वाटतं. कधी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती बिनतिकिटाची गाडी आठवते, चुलीपाशी भाकरी खाणारे मामा आठवतात, आणि पुन्हा जावंसं वाटतं. जमलं तर तुम्ही जाऊन या.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. अव्वाही इतकी वर्षं अंगणात तेच करायची. मी आलो त्या वर्षी तिनं पाट मांडला, भोवती रांगोळी घातली आणि पाटावर तो दात ठेवला. कुंकू लावलं, ओवाळलं. मग निरांजन खाली ठेवून वाकली आणि कानडीत, अगदी हलक्या आवाजात त्याला विचारलं, "जेवलास का रे, शिवा?"