आक्काच्या दोन गोळ्या

मी लग्न होऊन निरगुडसरला आले तेव्हा त्या घरात माझ्याशी पहिलं मोकळं बोलली ती माझी थोरली जाऊ. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ती गावच्या अंगणवाडीत सेविका होती. सकाळी पोरं गोळा करायला निघाली की तिचा आवाज आळीत आधी पोचायचा आणि ती मागून यायची. भाकरी थापताना, धुणं आपटताना, अगदी विहारात वंदनेला जातानाही तिच्या तोंडात पोरांची गाणी असायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी ते सगळं थांबलं. कशानं, ते कुणालाच कळलं नाही. घरात भांडण नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. आधी गाणं गेलं, मग बोलणं, मग ती केस विंचरेना. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पुढं ताट ठेवलं तर ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखी बघायची. शेजारणी म्हणाल्या, "बाहेरचं असंल, एकदा दाखवून आणा." माझे थोरले दीर, आक्काचे मालक, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते म्हणाले, "इंजिन बंद पडलं तर आमी लिंबू कापीत न्हाई." आणि तिला पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले.

तिथून एक औषध मिळालं. आम्ही त्याला मनाची गोळी म्हणायचो. बरेच दिवस काहीच फरक पडला नाही. मग एका सकाळी मी आमटीला फोडणी देत होते आणि मागून आवाज आला, "मीठ जरा हात राखून टाक गं." वळून बघितलं तर आक्का दारात उभी. मी उलथनं तसंच हातात धरून रडले. पुढं डॉक्टरांनी गोळी बंद करून पाहिली, पण दर वेळी ती पुन्हा भिंतीकडं वळायची. शेवटी ते म्हणाले, ही सोबतच राहू द्या. ती राहिली, आणि आक्काही राहिली. मधली वर्षं चांगली गेली. माझी दोन्ही मुलं तिच्याच अंगणवाडीत वाढली.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, घरी आली, कामावरही गेली. पण वर्षभरानं पाठ धरली. बसली की उठता येईना. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दुखणं मणक्यात उतरलंय. आता बरं होणं नव्हतं. मंचरच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल सुरू केलं. म्हणाले, ही अफूच्या जातीची गोळी आहे, साध्या गोळ्यांपेक्षा जोरकस, आराम पडेल.

आराम पडला नाही. गोळी वाढवली तरी नाही. उलट आक्काला घाम फुटायला लागला, हात थरथरायला लागले, पाय आपोआप उडायचे. एका दुपारी तिच्या हातून कप पडला आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरं अजून आली न्हाईत का?" अंगणवाडी तर पाठ धरल्यापासून सुटलीच होती. आम्ही जीप केली आणि पुणं गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही औषधं समोर ठेवली आणि दादांना सांगितलं, "ह्या दुखण्याच्या गोळीचं खरं औषध शरीरात गेल्यावर तयार होतं. ती मनाची गोळी ते तयारच होऊ देत नाही. म्हणून दुखणं थांबत नाही. आणि दोन्ही मिळून मेंदूला नको इतकं चेतवतात, म्हणून ही थरथर. असंच चाललं तर झटके येतील, जिवावरही बेतेल."

दादा म्हणाले, "मग दुसरं काय तरी द्या साहेब."

"मॉर्फिन द्यायला हवं. पण ते कुठल्याही दुकानात मिळत नाही, परवाना लागतो. आमच्याकडंही सध्या नाही. आलं की कळवतो."

तोवर दुखण्याची गोळी तेवढी चालू ठेवून मनाची गोळी बंद करायचं ठरलं. तिचा अंमल अंगातून जायला काही आठवडे लागले. थरथर गेली. हळूहळू दुखणंही उतरलं, आक्का उशीला टेकून बसायला लागली. आम्हाला वाटलं, चला, तेवढं तरी झालं.

मग ती भिंतीकडं वळली. अंगणवाडीची नवी सेविका पोरांना घेऊन भेटायला आली. पोरांनी दारात उभं राहून गाणं म्हटलं, आक्काचंच. तिनं मान वळवली नाही. पोरं गेल्यावर मी तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "मनाची गोळी दे."

"आक्का, ती घेतली तर ही दुखण्याची बंद करावी लागंल. पाठ सहन व्हायची न्हाई तुमाला."

"दुखतं तवा मी असती तरी. हे आलं का मी न्हाईच."

दादा ऐकायला तयार नव्हते. "तुला तडफडताना बघू का मी?" ते ओरडले. ती भिंतीशीच बोलली, "मग आता काय बघताय?"

पुण्याचे डॉक्टर फोनवर नको नको म्हणत होते, पण शेवटी तयार झाले. ट्रामाडॉल बंद झालं, मनाची गोळी पुन्हा सुरू झाली, दुखण्यावर साध्या गोळ्या. त्या तिच्या पाठीला काय पुरणार होत्या! आणि मनाची गोळी लागू पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा आता तिच्याकडं नव्हताच. ती परतली ती अर्धीमुर्धी. मधूनच माझ्या मुलांची चौकशी करायची, भाजीला काय टाकलंय विचारायची, आणि बोलता बोलता पाठीत कळ आली की गुरासारखी हंबरायची. आळीत कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. एकदा कळ ओसरल्यावर माझा हात धरून म्हणाली, "चुकलं का गं माजं?" मी तिची उशी सारखी केली. आजही कुणी विचारलं तर काय सांगावं ते सुचत नाही.

दादा मॉर्फिनसाठी पुण्याला खेपा घालत होते. शेवटच्या खेपेला साठा आलाय असा निरोप होता. ते पोचले तेव्हा कळलं, आलेलं वॉर्डातल्या पेशंटनाच पुरलं नाही. रिकाम्या हातानं परत आले, मोटारसायकल दारात आडवी पडली ती तशीच राहिली. आत आक्का ओरडत होती. त्याच आठवड्यात ती गेली, आणि शांतपणे गेली नाही.

आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पाहुणे जमले. एका म्हाताऱ्या नातेवाइकानं दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सुटली बिचारी."

दादा म्हणाले, "तिला सुटायचं न्हवतं."

मी पंगतीत भात वाढायला गेले.