नाळेवर कोणतं भांडं?

ओव्हनच्या पिवळ्या दिव्यात दोन केक फुगत होते. एक काचेच्या भांड्यात, दुसरा स्टोनवेअरच्या, म्हणजे भट्टीत कडक भाजलेल्या जाड मातीच्या. झाई या किनाऱ्यावरच्या गावातल्या जयवंतीताई आणि मी दोन स्टुलांवर बसून नुसते बघत होतो. बाहेर अच्छाडच्या हायवेवर ट्रक जात होते, पण काचेच्या तावदानाआड त्यांचा आवाज भरतीच्या लाटेसारखा लांबून यायचा. खोलीत ओल्या नारळाचा आणि गुळाचा वास भरला होता. माझे डोळे मिटायला लागले होते. खरं तर माझं काम जागं राहण्याचं आहे.

मी बेकिंगची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. भांडी तापवायची, थंड करायची, मोजायची, काही मुद्दाम फोडायची. गिऱ्हाईक आग्रह धरत असेल तर त्याचाच पदार्थ दोन भांड्यांत भाजून दाखवायची माझी पद्धत आहे. आमचे मॅनेजर साळवीसाहेब याला वेळेचा नास म्हणतात.

जयवंतीताई सुकी मासळी विकतात आणि दोन वर्षांपासून घरी केकही करतात. या नारळी पौर्णिमेला त्यांच्या घरची नवी बोट पहिल्यांदा समुद्रात जाणार होती. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, त्यांचे यजमानच. नैवेद्याचा रवा-नारळाचा केक पूर्वी सासूबाई पातेल्यावर निखारे ठेवून करायच्या. यंदा त्यांनी तो सुनेवर सोपवला होता. म्हणून ताईंना नवं भांडं हवं होतं, आणि एकच हवं होतं.

"भाऊ, तुम्ही घरी कशात करता?" त्यांनी विचारलं.

"काचेत. मला तळ दिसलेला आवडतो."

हे खरं आहे. डहाणूला आमच्याकडे रविवारचा ओव्हन मीच लावतो. काचेतून तळ कधी तांबूस झाला ते कळतं, सुरी खुपसून बघावं लागत नाही. फक्त काचेच्या भांड्यात कडा लवकर रंगतात, म्हणून कृतीत १८० अंश लिहिलं असेल तर मी १६५ ठेवतो. स्टोनवेअर सावकाश तापतं, सगळीकडून सारखं भाजतं आणि उशिरा निवतं. पण आतलं काही दिसत नाही, आणि वजनाला जड.

केक निघाले. काचेतला बाजूनेही दिसत होता, सोनेरी. दिव्याखाली धरला तर ओल्या वाळूवर उन्हं उतरल्यासारखा. ताई त्याकडे बघतच राहिल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "बोटीवर किती शोभेल!"

साळवीसाहेब दारातच होते. "उत्तम! पॅक करा."

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "ओव्हनमधून काढलं की ठेवणार कुठं?"

"नाळेवर. बोटीच्या पुढच्या टोकाला. समुद्राच्या पाण्याने चौकोन काढायचा, त्यावर नैवेद्य. वाफ निघत असतानाच ठेवायचा, कापायचा नाही. सासूबाई सांगतात, वाफ आधी समुद्राला, मग माणसाला."

माझी झोप गेली. गरम भांड्याखाली गार पाणी. पाणी लागलेला भाग एकदम आकसतो, बाकीचा आकसत नाही, आणि भांडं त्या ओढाताणीत फुटतं. आमच्या धंद्यात याला थर्मल शॉक म्हणतात. कागदावर 'ओल्या जागी ठेवू नये' असं आम्ही छापतो. पण पाण्याच्या चौकोनाला कुणी ओली जागा समजत नाही. ती देवाची जागा असते. आमच्याही घरी नैवेद्याच्या पानाखाली असाच चौकोन काढतात.

"पॅक करू नका," मी म्हणालो.

"अहो, बाई घेतायत ना?" साहेब म्हणाले. "तुम्ही विकायला आहात की अडवायला?"

"मोजायला आहे, साहेब. अर्धा तास द्या."

तसलंच दुसरं काचेचं भांडं तापवलं. पॅकिंगच्या फळीवर पाण्याचा चौकोन काढला, सगळ्यांना जाळीमागे उभं केलं आणि भांडं त्यावर ठेवलं. फुस्स करून वाफ आली. बाकी काही नाही.

"बघा!" साहेब हसले. "देवाची कृपा."

पुन्हा तापवलं, पुन्हा ठेवलं. या वेळी स्फोट व्हावा तसा आवाज झाला. फळीवर काचेचे खडे पसरले, साखर सांडावी तसे. मग स्टोनवेअर तापवून ठेवलं. बारीक 'टिक' एवढंच ऐकू आलं. उलटं करून पाहिलं तर तळाला केसाएवढी रेघ.

ताई खाली बसल्या. "नैवेद्याचं भांडं फुटलं असतं तर एक खलाशी बोटीवर चढला नसता. आणि ह्यांनी मला काय म्हटलं असतं? वर्षभर ऐकावं लागलं असतं, केकवालीने बोट किनाऱ्यावरच बसवली."

साहेबांनी फळीवरचे काचेचे खडे बघितले. मग म्हणाले, "मग यांनी करायचं काय? गार करून न्यायचा?"

"गार चालत नाही," ताई आणि मी एकदमच म्हणालो.

मी फळीकडे बघत होतो. पाणी भांड्याला लागलं नाही की झालं. "ताई, भांड्याखाली कोरडा लाकडी पाट ठेवला तर? चौकोन काढायचा, त्यावर पाट, पाटावर भांडं."

"सासूबाईंना विचारते." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

पलीकडून म्हातारीने विचारलं, "पाट ठेवला तर वाफ कमी होते का गो?"

"नाही, आई."

"मग त्याला काय विचारायचंय? देवाला आपण पाटावर बसवतोच की. नैवेद्य बसला तर काय बिघडलं?"

आता निवड सोपी होती. घरापासून किनाऱ्यापर्यंत चालायचं, वाऱ्यात थांबायचं, तोवर वाफ टिकायला हवी. काच सुंदर दिसते, पण लवकर निवते. मी दुसरं, कोरं स्टोनवेअर पुढे केलं. "फक्त जड आहे."

"भाऊ, मी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार फिरते. हे वजन तुम्ही मला सांगता?"

पौर्णिमेला मी झाईला गेलो. आभाळ भरलेलं होतं, समुद्र आणि पाऊस कुठं वेगळे होतात ते कळत नव्हतं. ताई पाटी डोक्यावर घेऊन आल्या. पाटीत तळाला पाट, पाटावर भांडं, वर टॉवेल. तांडेलने नाळेवर पाण्याने चौकोन काढला. पाटासकट भांडं त्यावर आलं. टॉवेल काढला, आणि वाफ सरळ वर न जाता वाऱ्याबरोबर समुद्रावर आडवी गेली. सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र कान देऊन 'टिक' ऐकू येतंय का ते ऐकत होतो. लाटेशिवाय काही आलं नाही.

नैवेद्य खाली उतरवला, बोट गेली. केक आम्ही किनाऱ्यावर खाल्ला, कडा मऊ होत्या.

भांडं घेताना ओव्हनचं तापमान सगळे विचारतात. उतरवल्यावर ते कुठं टेकणार, हे आधी ठरवा. साळवीसाहेब हे लगेच शिकले. कारखान्याच्या विक्रीच्या काउंटरवर आता लाकडी पाटही विकायला ठेवलेत.