सिस्टर अन्नम्मानं न प्यालेलं पाणी

फोन सुनेनं घेतला. नांदेडहून होता, सिस्टर लोकांच्या घरून. पिठाचे हात पदराला पुसत ती म्हणाली, "मामा, तुमची सिस्टर गेली. माती पण झाली." म्हणजे बोलवायचं राहिलंच… त्याला आता महिना होत आला. माझं शिक्षण दुसरीच्या पुढं गेलं नाही, चुका असतील तर छापणाऱ्यानं नीट कराव्यात. सांगणं मात्र माझं आहे, ते बदलू नये.

सिस्टर अन्नम्मा केरळची. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराच्या दुष्काळात तिच्या मठाच्या काही बाया उदगीरला आल्या आणि धान्याच्या एका रिकाम्या गोदामात राहू लागल्या. रस्त्यावर पडलेली, घरच्यांनी टाकलेली माणसं उचलून आणायची, हेच त्यांचं काम. पुष्कळ वर्षांपूर्वी परदेशात कुण्या एका बाईनं हा मठ काढला, तेव्हापासून तसंच चालत आलेलं. अन्नम्मा खांद्याला झोळी लावून गावोगाव पायी फिरायची. आमची वस्ती गावाबाहेर. तिथंही आली. माझी बायको सुंदरा तेव्हा खोकून खोकून अर्धी झाली होती. सिस्टरनं पाठीला कान लावला आणि म्हणाली, "दादा, क्षय आहे. दवा सुरू करू."

उन्हातनं आलेली बाई. सुंदरानं तांब्या पुढं केला. ते पाणी कसलं, तर आटलेल्या विहिरीत दोरानं उतरायचं, झऱ्यापाशी बसायचं आणि वाटी वाटीनं भरायचं. अर्धा दिवस जायचा. सिस्टरनं हात जोडले. "पाणी नको, ताई."

आमच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. आम्हाला वाढायचे तेही वरून, दुरून. तेव्हा नको म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी म्हणालो, "आमचं चालत नाही, तर तुमची गोळी बी आम्हाला चालत नाही. उचला झोळी." ती काहीतरी नियम नियम म्हणत होती. मी ऐकलं नाही. सुंदरा मागून म्हणाली, "पाण्याचा राग तुम्हाला, अन् खोकला मला… लई चांगली वाटणी केली."

पुढं लातूरला नव्या जिल्ह्याचा मोठा सोहळा होता, मांडवाचे खांब रोवायला मी मजुरीवर गेलो होतो. सिस्टर तिथं कुण्या साहेबाकडं औषधं मागायला आली होती. एका बड्या शेटजीचा पाहुण्यांना सरबत द्यायचा मान. चांदीचा पेला स्वतः घेऊन ते तिच्यापुढं गेले. तिनं हात जोडले. शेटजी हसले, "अहो, घ्या! आमच्याकडचं सगळं शुद्ध असतं." ती म्हणाली, "शेटजी, गरिबाघरी आम्ही पाणी पण घेत नाही. पाहुणा आला की गरीब माणूस उसनं आणून खाऊ घालतो. मग श्रीमंताघरी कसं घेणार? कुणाच्याच घरचं नाही." शेटजींचं तोंड असं उतरलं की खांब धरून मी हसत सुटलो. त्या वर्षात तेवढाच हसलो असेन.

घरी येऊन सुंदराला म्हणालो, "उद्यापासनं गोळ्या घे." ती म्हणाली, "शेटजीला विचारून आलात का?"

गोळ्या घेतल्या. पण ती पुढच्या उन्हाळ्यात गेलीच, सिस्टरनं नेऊन ठेवलेल्या त्या गोदामातच. उशीर झाला का, असं लोक विचारतात. मी म्हणतो, त्या साली आमच्या वस्तीत काय वेळेवर आलं होतं? टँकर आला होता का? माझ्या जागी वस्तीतला कुणीबी असता, त्यानं तेच केलं असतं… सिस्टरनं सुंदराला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं. भरलेली बादली वापरली. त्या दिवसांत बादली भरलेली मी तिथंच पाहिली.

नंतर एकदा मी तिला तोंडावर म्हणालो, "तुमच्या नियमानं गरिबाचं पाणी वाचलं, पण इज्जत गेली त्याचं काय?" तिनं खांद्यावरची झोळी खाली ठेवली. मग म्हणाली, "खरं आहे दादा. पण नियम मी मोडणार नाही." मी म्हणालो, "मग तांब्या मी बी बंद करणार नाही." झालं. ती यायची, मी तांब्या ठेवायचा, ती हात जोडायची. तिची नांदेडला बदली होईपर्यंत हे चाललं. दोघांतलं कुणी हटलं नाही.

शेवटची भेट नांदेडला. खाटेवर पडून होती, एक अंग गेलेलं. एका तरुण सिस्टरनं मला चहा आणला. मी म्हणालो, "नको."

"का हो बाबा?"

"आमचा बी नियम हाय."

अन्नम्माचं अर्धं तोंड हसलं. मग बोलली, एकेक शब्द ओढून, "दादा… कुणी नको म्हटलं की… लागतं, नाही?"  मी चहा घेतला नाही. ती कपाकडं बघत राहिली, मी खिडकीकडं… एसटीची वेळ झाली तसा उठलो.

परवा तीच तरुण सिस्टर उदगीरला आली होती, तिथून वाट वाकडी करून आमच्याकडं आली. सुनेनं रीतीप्रमाणं पाणी आणलं. पोरीनं हात जोडले. सून ओशाळली, तांब्या परत आत न्यायला वाकली. मी म्हणालो, "राहू दे तिथंच. ती बसली हाय तोवर हलवायचा नाही."