साहेबजादा कोणाला म्हणावं

'साहेबजादा' हा शब्द आमच्या घरमालकांइतक्या वेळा, आणि तरीही इतका तोलून मापून वापरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. पूर्णेला शिक्षक म्हणून बदली झाली तेव्हा त्यांची वरची खोली मागायला गेलो, तर भाड्याचं राहिलं बाजूला, माझ्या मोटारसायकलकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही तुमी घेतली का वडलांनी?" सासऱ्यांनी, असं मी सांगून बसलो. "अरे वा, सासुरवाडीचे साहेबजादे!" म्हणाले आणि किल्ली दिली.

श्रीमंतीशी या शब्दाचा संबंध नाही, असं त्यांचं ठाम मत. स्टेशनसमोरच्या हॉटेलमालकाचा मुलगा स्वतः कपबशा विसळतो, म्हणून तो सुटला. बाप सरपंच होता एवढ्यावरच ज्याला सगळे 'दादा' म्हणतात, तो मात्र अडकला. चौकात कुण्या पुढाऱ्याच्या चिरंजीवांचा वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की हे चष्मा पुसून त्याखाली उभे राहणार आणि शुभेच्छुकांच्या नावांसकट तो वाचून काढणार. "भावी आमदार म्हणायलेत. सर, भावी म्हणजे आजून काय केलं न्हाई, असंच ना?" एकदा तर खुद्द चिरंजीवच मागे येऊन उभे राहिले. मी यांची बाही ओढली. पण पोरगा लाजला, वाकून पाया पडला, आणि यांनी त्याला हाताला धरून घरी आणलं, पिठलं-भाकरी वाढली. "लाजायलाय म्हणजे कळतंय त्याला. दिलं सोडून," असा निकाल मला नंतर समजला.

स्वतःला मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. "पयला साहेबजादा मीच," म्हणायचे. वडील रेल्वेत गँगमन, रुळावर काम करतानाच गेले. त्यांच्या जागी घरातल्या एकालाच नोकरी मिळणार होती. धाकटा भाऊ दहावी चांगल्या मार्कांनी पास, हे नववी नापास. पण थोरले म्हणून आईने यांचंच नाव दिलं. हे मुकादम होऊन निवृत्त झाले, आणि भाऊ गंगाखेडकडच्या गावी राहून दरसाल कोयता घेऊन उसाला जात राहिला. तो यायचा म्हटलं की घरात पुरणावरणाचा घाट, नवी चादर, आणि यांची नुसती धांदल. तो अर्धा तास अवघडून बसायचा आणि निघायचा. "त्यानं एकदा तोंडावर म्हणावं, तू माझं खाल्लंस. म्हणतच न्हाई बगा."

या उन्हाळ्यात भाऊ आला तेव्हा मीही खालीच होतो. चहा झाला आणि घरमालकांनी एकदम विचारलं, "तू मला साहेबजादा का म्हणत न्हाईस रे?"

भावाने तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, "वाईट वाटलं होतं, दादा. लय वाटलं होतं. पण नोकरी लागल्यापासनं तू मला एकदाबी रागावला न्हाईस. पाव्हण्यावानी वागवायलास. नोकरी गेली ती गेली, माझा भाऊबी गेला."

घरमालक एकाएकी कडाडले, "आदी ती तंबाखू फेक! साठीला आलास, आक्कल कवा येणार?"

भाऊ मुकाट्याने उठला, तंबाखू अंगणात टाकून आला. दोघांचेही डोळे भरले होते. मी आपला शहाणपणाने भावाच्या बसची वेळ झाल्याची आठवण करून दिली, तर दोघे भाऊ मिळून माझ्यावरच खेकसले. मला फार बरं वाटलं.