चंदेरी विमान आम्ही घेतलं नाही

अन्याय माझ्या आईवर झाला. यंदाच्या धुळवडीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता, हिंगणघाटबाहेरच्या एका पडीत शेतात, आठ पुरुषांच्या देखत. मी तिथे होते, म्हणून लिहिते.

दोन्ही टोकांना धुरे, म्हणजे बांध, असलेल्या त्या शेतात दर रविवारी रिमोटची विमानं उडवणाऱ्यांचा एक गट जमतो. वर्गणी सगळ्यांची सारखी. माझी आई एसटीत कंडक्टर आहे, पन्नाशी ओलांडलेली, आणि दोन वर्षं तिथे शिकाऊ विमान उडवत होती. गटाचा नियम असा, की सातच्या आधी शिकाऊ विमानं, सातनंतर कसरतीची. त्या दिवशी आई म्हणाली, "आता मीबी कसरतीचं घेऊन राह्यली. मले सातनंतरची पाळी पाहिजे."

गटप्रमुखाचं सिमेंटचं दुकान आहे. तो हसला. "काकू, नातवासाठी घेता का?"

"नातू नाई मले. माझ्यासाठीच घेतो."

"अहो, ते उलटं उडते. तुमच्यानं नाई झेपायचं. तुम्ही आपलं साडेसहाले येत जा, दोन-चार गोल चकरा मारा, अन् घरी जाऊन चहा मांडा."

आठही जण हसले. आईनं विचारलं, "अन् उलटं उडवून दाखवलं तं?"

"या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत उलटं नेऊन दाखवा. पाळी तुमची."

मी पत्रकं काढते. स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीला कुलूप का, यावर काढलं होतं, आणि ते कुलूप निघालं. त्यामुळे घरी येताना स्कूटरवर मागे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात मथळा तयार होता. आई म्हणाली, "पत्रक मंग काढजो. आधी मले विमान पसंत करू दे."

पसंतीची गोष्ट सांगायची तर आधी पांढऱ्या विमानाची सांगायला हवी. गटातली सगळी विमानं पांढरी किंवा चंदेरी. जेटसारखी दिसतात म्हणे. आईचं शिकाऊ विमानही पांढरंच होतं, त्यांनीच सुचवलेलं. मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी आभाळ धुरकट होतं. विमान येतंय की जातंय, पोट दिसतंय की पाठ, आईला काही कळेना. ते गेलं शेजारच्या कपाशीत. कापूस फुटलेला. पांढऱ्या शेतात पांढरं विमान! वेचणाऱ्या बाया ओळीनं शोधायला लागल्या. शेवटी एका मावशीनं बोंड समजून विमानाची शेपटीच उपटली आणि ती हातात धरून ओरडली, "बाई, पुढच्या खेपेले पिवळं घ्या नाईतर काळं घ्या! आमी कापूस वेचाचा का तुमचं विमान वेचाचं?"

गटातला एकही माणूस कपाशीत उतरला नव्हता. हे मी विसरलेले नाही.

आम्ही नागपूरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी हातभर लांबीचं एक छोटं विमान काढलं. आई म्हणाली, हे आमच्याकडच्या वाऱ्यात पतंगासारखं भिरभिरेल. मग त्यानं पेट्रोलवरचं मोठं धूड दाखवलं. ते न्यायला टेम्पो लागला असता. आईला मधलं हवं होतं. चार फुटी पंख, तेही निघणारे, म्हणजे स्कूटरवर आम्हा दोघींच्या मध्ये मावेल. बॅटरीवर चालणारं. चाकं मोठी, कारण आमच्या मैदानावर ढेकळं असतात.

तसली दोन विमानं निघाली. आईनं डोळे मिटून पंखांवरून हात फिरवला, एकदा वरून, एकदा खालून. शिकाऊ विमानाचा पंख वरून फुगीर आणि खालून सपाट असतो. कसरतीच्या विमानाला दोन्हीकडे सारखाच फुगवटा हवा, म्हणजे त्याला सुलटं काय नि उलटं काय, एकच. डेपोत गाडी लागेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून हे तिनं पाठ केलं होतं. दोन्ही विमानं या परीक्षेत पास झाली. राहिला रंग. एक पूर्ण चंदेरी. दुसरं वरून पिवळंजर्द आणि पोटावर काळे रुंद पट्टे.

"मॅडम, चंदेरी ले लो. सबसे ज्यादा यही जाता है."

आईनं पिवळ्यावर बोट ठेवलं.

"लेडीज लोगों का यही है," दुकानदार गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाला, "पहले कलर देखते हैं."

माझं तोंड उघडलंच होतं. आईनं माझ्या पायावर पाय दिला आणि त्याला म्हणाली, "भाऊ, बसमधे चढायच्या आधी तू बोर्ड पाह्यते का नाई? का गाडी चकचकीत दिसली म्हणून हैदराबादले जाऊन पोचते? वर गेल्यावर त्या विमानाचा रंग हाच त्याचा बोर्ड हाय. काळे पट्टे दिसले का सुलटं, पिवळं दिसलं का उलटं. बांध."

त्यानं बांधलं.

पुढचे कित्येक रविवार आई साडेसहालाच गेली, शिकाऊंच्या वेळेत, आणि खूप उंचावर जाऊन उलटं उडवायचा सराव केला. एकदा ढेकळात नाक खुपसलं, नाकावरचा फिरता पंखा मोडला. नवा बसवला. प्रमुख यायच्या आत आम्ही विमान खोक्यात भरायचो.

मे महिन्यात एका रविवारी आई सातलाच गेली. आभाळ पांढरंफटक होतं. आठही जण हजर. आईनं विमान मैदानावर ठेवलं आणि नोकरीतल्या आवाजात ओरडली, "चला, सरका मागं! गाडी सुटून राह्यली!"

विमान उठलं. एक कोलांटी घेतली, मग एक गिरकी. धुऱ्यावर पोचताच आईनं ते अर्ध्या गिरकीवर थांबवलं. पिवळं दिसलं.

"काकू, उलटं झालं!" प्रमुख आपणच घातलेली अट विसरून किंचाळला. "स्टिक मागं ओढा, ओढा!"

ओढली असती तर विमान मातीत गेलं असतं. उलट्या विमानाला वर न्यायचं तर स्टिक पुढे ढकलावी लागते. आईनं हलकीशी पुढे ढकलली. नाक उचललं गेलं आणि विमान आमच्या डोक्यांवरून सरळ रेषेत पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेलं, सबंध पिवळं. आणि तिथून वळवून, कोणी सांगितलं नसताना, आईनं ते उलटंच परत आणलं! मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. घसा मात्र दोन दिवस बसला होता. उतरताना विमानानं दोन उड्या मारल्या, पण उभं राहिलं.

प्रमुख बराच वेळ टोपी नीट करत होता. "मंग काकू… सातची पाळी तुमची."

"पाळी तं मी घेतलीच," आई म्हणाली. "तू आता चहा मांड. साखर कमी टाकजो."

पुढच्या रविवारी त्यानं थर्मास आणला. साखर कमी होती. दोघांनी आपल्या चंदेरी विमानांच्या पोटावर काळी टेप चिकटवून आणली होती. त्यावर कोणी बोललं नाही. मी बोलले, मोठ्यानं.

आता साडेसहाला आणखी दोन बाया शिकायला येतात. पण माझा राग गेलेला नाही. आईला पाळी परीक्षा देऊन मिळाली, आणि त्या आठांपैकी एकानंही कधी परीक्षा दिली नव्हती. वर्गणी भरली, विमान आणलं, उडवलं.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. तुमच्या गावात मैदानाच्या, हॉलच्या, कसल्याही पाळ्या तुमच्या हातात असतील, तर येत्या रविवारी जी बाई पाळी मागेल तिला ती त्याच क्षणी द्या. नातवाची चौकशी करू नका.