जावयाच्या फोनवर बाळंतिणीची चौकशी

ये गं, अशी जवळ बस. दारात काय टेकलीस पाहुण्यासारखी? धुळ्याहून येतेस ती कधीतरी, आणि आल्यावरही लक्ष घड्याळाकडे. तुलाही आता दिवस गेलेत, म्हणून सांगते. ऐकून जा.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला इथे धरणगावला आली. हल्ली दवाखान्याची एक सोय असते, बाई घरी गेली की नर्सताई फोन करून आईची, बाळाची चौकशी करतात, काय करायचं ते सांगतात. सोय चांगली. पण नंबर कोणाचा दिला? जावयाचा. बाईच्या हातात स्वतःचा मोबाईल असला तरी आपल्यात कागदावर नंबर जातो तो पुरुषाचाच. म्हणजे लेक इथे, कानाला फडकं बांधून खाटेवर, आणि फोन वाजतोय पिंप्राळ्यात, जावयाच्या नळाच्या सामानाच्या दुकानात.

आता तूच सांग, समोर गिऱ्हाईक उभं, कुणी तोटी मागतंय, कुणी पाइप, आणि फोनवर बाई विचारते, "बाळ नीट दूध ओढतं का? छाती दुखते का?" जावई लाजेनं लाल. "सगळं ठीक आहे ताई," म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. दर वेळी तेच. मला सांगायचं, तर सासूशी जावई असलं बोलतो होय?

इकडे लेकीच्या एका बाजूला दगडासारखी गाठ आणि अंगात ताप. बाळानं तोंड लावलं की ती ओठ चावायची. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "अक्का, त्या आंगनं पाजू देऊ नको, पोरले बाधी." आम्ही तेच ऐकलं, दुखऱ्या बाजूनं पाजणं बंद केलं. गाठ वाढली, बाळ भुकेनं रडून रडून दमलं. लेक म्हणाली, "आई, आता वरचंच दूध द्यावं लागेल का गं?" माझा जीव अर्धा झाला.

जावयांना बोलावून घेतलं. ते चहाला बसले तोच फोन वाजला. उठून ओट्यावर गेले. दुकानातल्या गोंगाटामुळे त्यांच्या फोनचा आवाज कायम मोठा, मला घरात ऐकू आलं, "ताप नाही ना?" आणि हे म्हणतात, "नाही ताई, सगळं ठीक आहे."

जावयाचा मान वगैरे मी काही पाहिला नाही. फोन ओढूनच घेतला. "ताई, मी तिची आई बोलते. काही ठीक नाही." गाठ, ताप, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुखऱ्या बाजूनं पाजणं थांबवू नका, बाळाला काही होत नाही. पण ताप आहे, आजच डॉक्टरांना दाखवा. इतके फोन केले, आधी का नाही बोललात?"

फोन ठेवला आणि लेकीला म्हटलं, ऊठ, आवर.

जाऊ तोंड वाकडं करून बसली. जावयांनी गाडी काढली. वाटेत म्हणतात, "आई, असलं मी विचारणार कसं?" मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाईकाला विचारता ना, कुठून गळतंय म्हणून? तसंच."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिथल्या नर्सनं बाळ कसं धरायचं ते दाखवलं. ताप उतरला, गाठही हळूहळू गेली. वरच्या दुधाचं नाव काढावं लागलं नाही. लेकीनं पहिलं काम काय केलं, तर दवाखान्याच्या कागदावर जावयाच्या जागी स्वतःचा नंबर लिहवून घेतला.

आज ती नातवाला डोस द्यायला घेऊन गेलीय, म्हणून तुझी भेट हुकली. लवकर ये परत. बाळाला कसं धरून पाजते ते तिच्याकडून बघून घे. आणि येताना नवऱ्यालाही आण, त्यांनाही जरा ऐकू दे.