चप्पल नाही, घड्याळ!

मित्रांनो, बोंडअळीचं दुःख घडीभर बाजूला ठेवा. आज आमच्या शाळेनं मैदान मारलं!

प्रार्थनेच्या वेळी तिसरीतल्या राणीला फिट आली. आणि मी, तिच्या मास्तरानं, हुंगवायला चप्पल काढली! हसू नका, तुम्ही काय केलं असतं?

चौथीतली पायल ओरडली, "सर, चप्पल कायले? घड्याळ पाहा, झटके किती मिनिटं चालते ते!" पोरींनी राणीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर दिलं. दोन मिनिटांत झटके थांबले.

लहान मुलांच्या फिटवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडम आमच्या बाभुळगावात घरोघर विचारत फिरल्या होत्या, "फिट आल्यावर काय करता?" त्यातूनच त्यांनी शाळांसाठी हा धडा केला. तो शिकवला त्या दिवशी मी रजेवर!

संशोधन पास, मास्तर नापास.

शुद्धीवर आल्यावर राणीनं विचारलं, "मले उद्या येऊ देसान न, सर?"

पायलच म्हणाली, "येजो. सरले शिकवा लागते अजून."